हळदीखालची बत्ती

तेलाची बत्ती पिवळी, डायनामोची लाल आणि मोठ्या लाइटाची निळी. आमच्या वेळच्या गाडीला एवढ्या तीनच बत्त्या, बोराएवढ्या, मीटरच्या खाली एका ओळीत. आता नातवाच्या गाडीत किल्ली फिरवली की दिवाळीच पेटते. त्यात एक पान्याचं चित्र आहे. ते लागलं म्हणजे सर्व्हिसिंगची वेळ झाली, एवढं माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही कळतं. नातू म्हणतो, "आबाजी, ते असंच लागत राह्यते, पाहू पंधरा दिवसांनी." मग माझं डोकं सरकतं. मी गाडी थांबवायला लावतो, उतरतो आणि पायी चालू लागतो. घरचे म्हणतात, बुढा सणकी झाला. म्हणू द्या. मी काहून उतरतो ते मी घरात कधी कोणाला सांगितलं नाही. इथं सांगतो.

गाडी मी शिकलो अकोल्याला, एका मुसलमान मिस्त्रीच्या गॅरेजात. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी बाप मला तिथं घेऊन गेला. मी एकोणीस वर्षांचा, सातवी पास. बाप मिस्त्रीला म्हणाला, "याले असं काही शिकवा, का कोणाच्या दारात उभं राहून मांगा लागू नये." मिस्त्री हसले, म्हणाले, "ठीक है, छोड जाव." त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, मीही म्हणू लागलो.

उस्तादांनी मला पहिले आठ दिवस गाडी चालवू दिली नाही. नुसती किल्ली फिरवायची आणि बत्त्यांकडे पाहायचं. मला वाटलं, हा माणूस माझी चेष्टा करून राहिला. एके दिवशी मी कुरकुर केली, तर त्यांनी टपली मारली आणि समजावून सांगितलं. "देख, किल्ली फिराई तो पीली जलनी चाहिए. नहीं जली तो बल्ब गया, पहले बल्ब डाल. इंजन लगा तो बुझनी चाहिए. और चलती गाडी में जली, तो पहले इंजन बंद, बाद में अल्ला का नाम. उलटा मत करना."

मी विचारलं, "आणि लाल लागली तर?"

"लाल में डर मत. बॅटरी का काम है, घर तक आ जाएगा. सब लोग लाल से डरते हैं. तू पीली से डर."

पिवळी म्हणजे तेलाचा दाब. इंजनात तेल फिरायचं थांबलं की ती पेटते. तेल नसलं की लोखंडाला लोखंड घासतं, आणि चार-दोन मैलांत इंजन आतल्या आत जाम होऊन बसतं. सर्व्हिसिंगची आठवण द्यायला तेव्हा बत्ती नव्हती. तेल बदललं की उस्ताद पत्र्याच्या चकतीवर खिळ्यानं पुढचे मैल कोरायचे आणि ती चकती तारेनं स्टेअरिंगच्या दांड्याला बांधायचे. चकतीवरचे मैल आणि मीटरवरचे मैल जुळले की गिऱ्हाइकानं यायचं. जो उशिरा यायचा त्याला उस्ताद अशा शिव्या द्यायचे की बापा रे! पैसे देणारा माणूस मान खाली घालून उभा राहायचा.

तिथंच मला काकाजी भेटले. अमरावतीला राजापेठेत एक डॉक्टर होते, त्यांच्या काळ्या गाडीचे ते ड्रायव्हर. जातीनं कुणबी, गावाकडं काळी जमीन, ती भाऊ वाहायचे आणि हे गाडीच्या वेडापायी शहरात राहिलेले. बायको वारलेली, एकुलती एक लेक, तिचं लग्न परतवाड्याच्या बाजूला करून दिलेलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि गाडी सोडायची वेळ आली होती. गाडी दुरुस्तीला आणली तेव्हा त्यांनी दोन दिवस गॅरेजात बसून मला पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चाल लेका अमरावतीले."

डॉक्टरांच्या घरी कुरबुर झाली. दुसरा कोणी भेटला नाही का, असं कंपाउंडर माझ्यासमोरच म्हणाला. काकाजी म्हणाले, "बाकीच्यायले गाडी चालवता येते. याले गाडी समजते." डॉक्टरसाहेबांनी मला ठेवून घेतलं. माझा चहाचा कप पडवीच्या खिडकीत वेगळा असायचा, तो मीच धुवायचो. मला राग यायचा, पण काकाजींकडे पाहून गिळायचो. त्यांच्यामुळं मी त्या सीटवर बसलो होतो, हे मी विसरलो नव्हतो.

नोकरी सुटली तरी काकाजी रोज दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचे. आणि दसऱ्याला गाडीची पूजा त्यांचीच. बौद्ध झाल्यावर बापानं सांगितलं होतं, आता देवांना हात जोडायचे नाहीत, म्हणून मी पूजेत हात घालत नव्हतो. पहिल्याच दसऱ्याला त्यांना सांगितलं, "काकाजी, मी हात नाही जोडत." ते म्हणाले, "नको जोडू. मी जोडतो ना. तुह्या वाटचेबी मीच जोडतो." आणि हसले. त्यांनी बॉनेटला, चाकांना, स्टेअरिंगला हळद-कुंकू लावलं, आणि तीन बत्त्यांच्या काचांवरही एकेक बोट हळद ओढली. त्यांच्या हिशेबी ते गाडीचे डोळे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओल्या चिंधीनं त्या तीन काचा पुसल्या. बाकी कशाला हात लावला नाही, नुसत्या काचा. कंपाउंडरनं पायरीवरून पाहिलं. दवाखाना पेशंटनी भरलेला, आणि हा खच्चून ओरडला, "आता बापा! यायले आपली हळदबी चालत नाही. देवाले पुसून टाकलं!" लोक हसले. बाईसाहेब, म्हणजे डॉक्टरांची बायको, बाहेर आल्या. म्हणाल्या, "तुला पूजा करायची नसेल तर करू नकोस. पण दुसऱ्यानं केलेली पुसतोस कशाला?" मी सांगायला गेलो की बाई, बत्ती दिसत नाही. कोणाला ऐकायचं होतं? काकाजी तिथंच बसलेले. माझ्या हातातल्या चिंधीकडं त्यांनी पाहिलं, उठले आणि घरी गेले. आठ दिवस आले नाहीत. त्या आठ दिवसांत मला जेवण गेलं नाही, खोटं कायले बोलू.

पुढच्या दसऱ्यापर्यंत त्यांची नजर आणखी गेली होती. गाडीला हात लावून लावून त्यांनी पूजा केली. मीटरखाली बोटं फिरवताना काच कुठली नि पत्रा कुठला ते दिसत नव्हतं, म्हणून जिथं हात पडला तिथं हळद थापली, जाड, तेलात कालवलेली. तीन बत्त्यांची आख्खी ओळ तिच्याखाली गेली. मी शेजारी हात मागं बांधून उभा. सगळं पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली. पिवळी पेटली असेल, पण मला दिसली नाही. चिंधी सीटखाली होती. मी हात घातला, चिंधी धरली, आणि पायरीवर कंपाउंडर उभा दिसला. काकाजी त्याच्या बाजूला बसलेले. मी चिंधी सोडून दिली. मनात म्हटलं, तेल काडी घालून तपासलेलं आहे, वर आहे, मग बत्तीचं काय अडलंय? हळद आपोआप झडेल दोन-चार दिवसांत. तिसऱ्या दिवशीही तसंच म्हटलं. चौथ्या दिवशी मी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. उस्ताद असते तर त्यांनी मला गॅरेजातून हाकलून दिलं असतं.

पाचव्या दिवशी सकाळच्या प्रवाशांच्या मोटारीनं काकाजींच्या लेकीच्या गावचा माणूस धावत दवाखान्यात आला. ताईचं दुसरं बाळंतपण. रात्रीपासून कळा येत होत्या, दाई म्हणत होती मूल आडवं आहे. डॉक्टरसाहेब आत ऑपरेशन करत होते. हातमोज्यांसकट दारात आले आणि मला म्हणाले, "काकाजींना घे आणि नीघ. दुपारी बाराच्या आत ती माझ्या टेबलावर पाहिजे. पोट उघडावं लागणार. उशीर केलास तर दोघंही जातील."

जाताना गाडी कशी धावली म्हणून सांगू! काकाजी शेजारी बसून एकच म्हणत होते, "सांभाळून जाजो, पण जलदी जाजो." परतवाड्याच्या अलीकडून सडक सोडून चार मैल बैलगाडीची वाट होती. पोचलो. ताईला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. मला पाहून म्हणाली, "भाऊ, लौकर न्या मले." मी म्हटलं, "नेतो ताई, घाबरू नका." घड्याळात दहाही वाजले नव्हते. वेळ भरपूर होता. हे मी आजही मोजतो. वेळ भरपूर होता.

परतताना त्या वाटेवर एका दगडावरून चाक गेलं आणि खालून ठक् असा आवाज आला. उतरून पाहायला पाहिजे होतं. पण त्याच हिसक्यानं ताई किंचाळली, सासू "अवो माय" करून रडायला लागली, आणि काकाजी म्हणाले, "थांबू नको, चाल." मी म्हटलं, काही असलं तर बत्ती सांगेल. अगदी हेच म्हटलं मनात. सवय होती ना तशी विचार करायची. आणि सडकेला लागताना सवयीनंच मी खाली नजर टाकली. ऊन काचेवर पडलं होतं आणि हळद झगझगत होती. मी समोर पाहिलं आणि गाडी पळवली.

त्या दगडानं इंजनखालच्या तेलाच्या चेंबरचा नट सैल केला होता. सडकेवर मागं तेलाची धार लागली असणार.

आसेगाव मागं पडलं. ताई कण्हत होती, सासू काहीबाही पुटपुटत होती. काकाजी एकदम ताठ बसले आणि कान पुढं केला. त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते, पण गाडीचा कान शाबूत होता. म्हणाले, "इंजन खडखड करून राहिलं रे."

"सडकेचा आवाज आहे, काकाजी."

"सडकेचा नाही. बत्ती पाह्य."

मी खाली पाहिलं. हळद. अंगठा जिभेवर ओला केला आणि जोरात घासला. खपली निघाली, आणि तिच्याखाली पिवळी बत्ती लख्ख पेटलेली होती. किती वेळापासून पेटलेली होती, कोणाला माहीत. मी किल्ली बंद करायला हात नेला तेवढ्यात इंजन किंचाळलं आणि जागच्या जागी जाम झालं. गाडी घसरत जाऊन कडेच्या बाभळीजवळ थांबली.

काकाजींनी माझा पिवळा अंगठा पाहिला. अगदी जवळ धरून पाहिला. 

डिकीत तेलाचा भरलेला डबा होता. साबणाची वडी होती, चिंध्या होत्या. वेळेवर थांबलो असतो तर नट आवळायचा, साबण आणि चिंधी दाबून बसवायची, तेल ओतायचं आणि हळूहळू अमरावती गाठायची. दहा मिनिटांचं काम, उस्तादांनी डोळे झाकून करायला शिकवलेलं. आता त्या डब्याचा काही उपयोग नव्हता. मी सडकेच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. एक ट्रक आला, तो आमच्या उलट्या दिशेनं चाललेला. बैलगाड्या होत्या, पण बैलगाडीनं संध्याकाळ झाली असती. ताई मागच्या सीटवर ओठ चावत पडली होती आणि मधूनच विचारत होती, "बाबा, काहून थांबलो?" काकाजी तिला म्हणत होते, "निंगतो बाई, निंगतो आता." सव्वा तासानं परतवाड्याची प्रवाशांची मोटार आली. मी तिच्यापुढं आडवा झालो. त्या मोटारवाल्याचं भलं होवो, त्यानं मागची सीट रिकामी करवली आणि मध्ये कुठं न थांबता मोटार सरळ राजापेठेत दवाखान्यापाशी आणली.

ताई वाचली. मूल गेलं. मुलगा होता. डॉक्टरसाहेब हात धुताना म्हणाले, "तासभर आधी आली असती तर..." आणि माझ्याकडं पाहून त्यांनी टॉवेल उचलला.

दोन दिवसांनी बैल लावून गाडी आणली. डॉक्टरसाहेबांनी स्वतः वाकून खाली पाहिलं, नट पाहिला, दगडाची खूण पाहिली. म्हणाले, "दगडाला तू काय करणार? तुझी चूक नाही." बाईसाहेबांनीही तेच म्हटलं. मी मान हलवली. कोणी मला विचारलं नाही की बत्ती कशी दिसली नाही, आणि मी कोणाला सांगितलं नाही. नोकरी टिकली. मला सुटल्यासारखं वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

काकाजी पायरीवर यायचे बंद झाले. महिन्याभरानं कंपाउंडर माझ्याजवळ आला. हाच तो, गेल्या साली ओरडलेला. पण त्या दिवशी त्याचा आवाज खाली होता. म्हणाला, "बुढ्याले पाहून आलो मी. उजव्या हातानं जेवत नाही. धोतरात गुंडाळून ठेवते तो हात. म्हणते, याच हातानं बत्तीले हळद लावली, याच हातानं नातू मारला. लेक चारते त्याले, तर दोन घास खाते. काही खरं नाही त्याचं." एवढं बोलून तो निघून गेला.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. काकाजी अंगणात बाजेवर बसले होते. एवढे वाळले होते की मी दारातच थबकलो. उजवा हात खरंच धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला. ताई आत होती, बाळंतपणानंतर माहेरीच राहिलेली. मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं, "काकाजी, मले दिसत होतं."

"काय?"

"हळद. बत्ती झाकली गेली हे मले पह्यल्या दिवसापासून मालूम होतं. चार दिवस रोज किल्ली फिरवत होतो. बत्ती दिसत नव्हती. चिंधी सीटखाली होती. मी पुसली नाही."

त्यांनी मान वर केली. न दिसणारे डोळे माझ्याकडं लावले. "काहून नाही पुसली?"

"मांगच्या साली पुसली तं काय झालं ते तुमाले मालूम आहे. तुमी आठ दिवस आले नाही. म्हटलं, पुन्हा तुमाले वाईट वाटंन."

काकाजींनी मान खाली घातली. मग म्हणाले, "वाटलं असतं. वाईट वाटलं असतं मले. आठ दिवस बोललो नसतो तुह्यासंग. नवव्या दिवशी बोललो असतो, लेका." आणि त्यांच्या तोंडातून असा आवाज निघाला की मी कानांवर हात ठेवले. धोतरातला हात त्यांनी बाहेर काढला आणि त्याच हातानं डोळे पुसू लागले. मीही रडलो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय ओढून घेतले. म्हणाले, "जाय आता."

फाटकापाशी आलो तेव्हा ताई मागून आली. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. म्हणाली, "बरं केलं भाऊ तुमी, सांगतलं. बाबा आता सोताच्या हातानं जेवतीन."

मी म्हटलं, "ताई, मले..."

"पण पुन्हा येजा नोका," ती म्हणाली. "माह्या घरीबी नोका येजा, बाबाच्याबी. मले तुमच्याकडं पाह्यवत नाही." आणि तिनं फाटक लावून घेतलं.

काकाजी त्या दिवशी संध्याकाळी आपल्या हातानं जेवले, असं कंपाउंडरनं सांगितलं. त्यानंतर ते सात-आठ वर्षं जगले. मी त्याच राजापेठेत, त्याच गाडीवर होतो. त्यांच्या घराकडं मी पुन्हा गेलो नाही.